हॉप्सच्या बिअरची नक्कल: पण कोणत्या बाटलीची?

मे महिन्यात सावंतवाडीच्या एखाद्या दुकानातून भरपूर हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी बोंडं, घातलेली आयपीए (इंडिया पेल एल, फिकट कडू बिअरचा एक प्रकार) विकत घ्या. मग तीच बिअर गोव्यात, ती जिथे बनते तिथल्या टाकीतून थेट ग्लासात आलेली पिऊन बघा. लेबल एकच, पण ग्लासात दोन वेगळ्या बिअर असतील. टाकीतल्या बिअरला संत्र्याच्या सालीचा, पपनसाचा, कधी कैरीचा वास येईल. दुकानातली बाटली कडू असेल, पण तिचा वास बसलेला असेल आणि घोटाच्या शेवटी थोडा मध, थोडा ओला पुठ्ठा जाणवेल.

घरी बिअर बनवणाऱ्यांमध्ये, म्हणजे जिथे तसं करायला परवानगी आहे अशा देशांत, आवडत्या कंपनीच्या बिअरची हुबेहूब नक्कल करण्याचा छंद जुना आहे. अशा नकलेला ते क्लोन म्हणतात. बहुतेक जण सुरुवातीलाच पाककृती शोधायला धावतात. मला विचाराल तर आधी वेगळंच ठरवायला हवं: नक्कल टाकीतल्या ताज्या बिअरची करायची, की उन्हातून ट्रकने आलेल्या बाटलीची? हे ठरलं नाही तर प्रत्येक वजन काट्यावर बरोबर येऊनही चव जुळणार नाही, आणि दोष पाककृतीच्या माथी जाईल.

कायद्याचं आधीच बोलून घेऊ. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनवणं हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 खाली गुन्हा आहे, आणि बिअर त्यातून सुटलेली नाही. ‘घरातल्या घरात, आपल्यापुरती’ ही सबब चालत नाही. गोव्यात दारू स्वस्त असली तरी ती बनवायला अबकारी खात्याचा परवाना लागतोच. अमेरिकेत 1978 साली जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरगुती बिअरचा मार्ग केंद्रीय पातळीवर मोकळा झाला. तिथे दोन प्रौढांच्या घराला वर्षाला 200 गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरच्या वर, बिअर बनवता येते, फक्त विकता येत नाही. म्हणून हा लेख परदेशात राहणाऱ्या कोकणी मंडळींसाठी आहे, परवाना घेऊन किनाऱ्यावर काही सुरू करू पाहणाऱ्यांसाठी आहे, आणि ग्लासात नेमकं काय आहे हे समजून घेऊन पिणाऱ्यांसाठीही आहे. घरच्या गॅसवर कायदा न मोडता करता येईल असा एक प्रयोग पुढे येईल.

बिअरमध्ये पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्ट एवढंच असतं. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं, कमीजास्त भाजलेलं जव. ते भरडून 65 ते 68 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवलं की दाण्यातलीच एन्झाइम्स त्यातल्या स्टार्चची साखर करतात. हा गोड रस म्हणजे वर्ट. वर्ट हॉप्स घालून तासभर उकळायचा, गार करायचा आणि त्यात यीस्ट सोडायचं. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड देतं. कोकणात हे वेगळं सांगायला नको. पहाटे माडावरून उतरवलेली नीरा दुपारपर्यंत माडी होते, ती याच क्रियेने. फरक इतकाच की माड साखर तयार देतो, जवाच्या दाण्यातून ती आधी सोडवून घ्यावी लागते. फेणीशी मात्र बिअरचं नातं नाही. फेणी भट्टीवर गाळतात, बिअर आंबवून तशीच पितात.

आकड्यांवरून उलटं चालत जाणं

एक खरं उदाहरण घेऊ. सिएरा नेवाडा पेल एल ही बिअर केन ग्रॉसमन यांनी 1980 मध्ये कॅलिफोर्नियातल्या चिको गावात बनवली, आणि अमेरिकेतल्या हॉप्सच्या वेडाची सुरुवात बरेच जण तिच्यापासून धरतात. तिचे आकडे जाहीर आहेत: अल्कोहोल 5.6 टक्के, कडवटपणा 38 आयबीयू, वासाचे हॉप्स कॅस्केड जातीचे. कॅस्केड ही ओरेगनमध्ये सरकारी संशोधनातून तयार झालेली जात. ती 1972 मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आली. रत्नागिरीचा कुणी मुलगा न्यू जर्सीतल्या गॅरेजमध्ये 20 लिटरची नक्कल करायला बसला, तर एवढ्या माहितीवर त्याचा अर्धा हिशोब होतो.

आधी अल्कोहोल. वर्टची घनता हायड्रोमीटरने मोजतात. साध्या पाण्याची घनता 1.000, तर या बिअरच्या वर्टची सुरुवातीला साधारण 1.053 आणि आंबणं संपल्यावर 1.011 च्या आसपास. दोन्हींतला फरक 0.042. त्याला 131 ने गुणलं की 5.5 येतं, म्हणजे टक्का जवळपास जुळला. 20 लिटर वर्ट 1.053 वर आणायला, धान्यातली पाऊण साखर हाती लागते असं धरलं, तर पावणेपाच किलो माल्ट लागेल. त्यात तीनशे-साडेतीनशे ग्रॅम कॅरॅमल माल्ट, बाकी सगळं फिकट. तांबूस सोनेरी रंग आणि किंचित टॉफीसारखी गोडी त्या कॅरॅमल माल्टमुळे येते. या बिअरच्या माल्टबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

कडवटपणाचा हिशोब जास्त मजेचा आहे. हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवी, पापुद्र्यांची बोंडं. पापुद्र्यांच्या मुळाशी पिवळी चिकट पूड असते, आणि अल्फा आम्लं व सुगंधी तेलं दोन्ही त्या पुडीत असतात. अल्फा आम्लं जशीच्या तशी पाण्यात फारशी विरघळत नाहीत. उकळताना त्यांच्या रेणूची रचना बदलते, त्यांची आयसो-अल्फा आम्लं होतात, ती विरघळतात आणि कडू लागतात. एक आयबीयू म्हणजे ढोबळमानाने लिटरभर बिअरमध्ये एक मिलिग्रॅम आयसो-अल्फा आम्ल.

आता पर्ल नावाचे हॉप्स घ्या, पाकिटावर अल्फा 8 टक्के लिहिलेले. 27 ग्रॅम पर्लमध्ये 2160 मिलिग्रॅम अल्फा आम्ल आलं. तासभर उकळूनही त्यातलं सगळं वर्टमध्ये उतरत नाही. ग्लेन टिनसेथ यांचं सूत्र वापरलं तर 1.053 घनतेच्या वर्टमध्ये साधारण साडेबावीस टक्के उतरतं. म्हणजे 486 मिलिग्रॅम, भागिले 20 लिटर, झाले 24 आयबीयू. उकळी संपायला दहा मिनिटं असताना 5.5 टक्के अल्फाचं 30 ग्रॅम कॅस्केड टाकलं तर जेमतेम 8 टक्के उतरतं आणि आणखी 7 आयबीयू मिळतात. आंच बंद केल्यावर गरम वर्टमध्ये 45 ग्रॅम कॅस्केड मुरवलं की उरलेले 7 मिळून 38 होतात. तो शेवटचा आकडा अंदाजाचाच आहे, कारण वर्ट किती वेळात गार होतो यावर तो हलतो. आणि हॉप्स हे शेतातलं पीक आहे. अल्फाचा टक्का दर हंगामाला बदलतो, म्हणून जुन्या पाककृतीतले ग्रॅम जसेच्या तसे उतरवू नयेत. उतरवायचे आयबीयू, आणि ग्रॅम हातातल्या पाकिटावरून काढायचे.

वास कुठून येतो, कुठे जातो

इथपर्यंत गणित साथ देतं. वासाला असं सूत्र नाही, आणि हॉप्सच्या बिअरचा जीव वासातच असतो.

तेलं उडून जाणारी असतात. तासभर उकळल्यावर ती वाफेबरोबर जातात आणि मागे कडवटपणा तेवढा राहतो. म्हणून कडवटपणाचे हॉप्स आधी आणि वासाचे शेवटी, कोथिंबीर आमटी उतरवल्यावर वरून घालतात तसं. या तेलांतलं एक मोठं नाव मिर्सिन. ते आपल्याला अनोळखी नाही. आंबेहळदीचा कंद कापल्यावर जो कच्च्या कैरीचा वास येतो, त्यात मिर्सिनचा मोठा वाटा असतो. लिनालूलमुळे फुलांची झाक येते, जिरॅनिऑलमुळे गुलाबाची. त्याशिवाय थायोल नावाची गंधकयुक्त संयुगं असतात. लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढ्या नगण्य प्रमाणातही नाक ती ओळखतं, आणि नव्या जातींतला पॅशनफ्रूटचा, पेरूचा वास बराचसा त्यांचा. काही थायोल हॉप्समध्ये बांधलेल्या रूपात असतात आणि यीस्ट त्यांना मोकळं करतं. म्हणून हॉप्स तेच ठेवून यीस्ट बदललं तरी वास बदलतो.

हॉप्स घालण्याची आणखी एक वेळ असते: बिअर आंबून झाल्यावर, थंड असताना. यात उष्णता नाही, म्हणून कडवटपणा फार वाढत नाही आणि तेलं मात्र उतरतात. हल्लीच्या गढूळ दिसणाऱ्या रसाळ आयपीएमध्ये या टप्प्यावर लिटरमागे 8 ते 15 ग्रॅम हॉप्स पडतात. नक्कल करणाऱ्याने लेबलवरची नावं वाचून थांबू नये. कोणते हॉप्स हे कंपन्या बरेचदा सांगतात, कोणत्या क्षणी घातले हे क्वचितच सांगतात. ते नाकाने ओळखावं लागतं. चुरगळलेल्या हिरव्या पानाचा, चिकाचा, ताज्या सालीचा वास असेल तर हॉप्स थंड बिअरमध्ये घातलेत असं समजा. वास फुलांचा, जरा शिजलेल्या मुरंब्याकडे झुकणारा असेल तर ते उकळीच्या शेवटी गेलेत.

हा फरक घरी अनुभवता येतो, आणि त्यात ना साखर, ना यीस्ट, ना अल्कोहोल. हॉप्सच्या गोळ्या मिळवा. तीन भांड्यांत लिटर-लिटर पाणी घ्या, प्रत्येकी 2 ग्रॅम हॉप्स. पहिलं भांडं अर्धा तास उकळा. दुसऱ्यात पाणी 80 अंशांवर आलं की हॉप्स टाका आणि पंधरा मिनिटांनी गाळा. तिसरं थंड पाण्याचं, रात्रभर फ्रिजमध्ये. तिन्ही गाळून, गार करून, सोडा मिसळून शेजारी-शेजारी ठेवा. पहिलं कडूजहर लागेल आणि त्याला वास फारसा नसेल. तिसऱ्याला वास असेल, कडवटपणा जेमतेम, वर थोडी गवताची चव. दुसरं दोन्हींच्या मधलं. आयपीएवर मी जितका वेळ लोकांशी बोलतो, त्यापेक्षा या तीन ग्लासांनी जास्त कळतं. चोथा मात्र परसात फेकू नका. हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात, खाल्ले तर त्यांच्या अंगाचा ताप जिवावर बेतेल इतका चढू शकतो. वाडीतला मोत्या नाक लावायला येणारच, तेव्हा चोथा खोल पुरा.

आपल्याकडे ही वेल लावता येईल का, असं हमखास विचारलं जातं. वेल जगेल, बोंडं धरायची नाहीत. हॉप्सला उन्हाळ्यात लांबलचक दिवस लागतो, म्हणून तिची शेती साधारण 35 ते 55 अक्षांशांमध्ये होते. कोकण 16 ते 20 च्या दरम्यान आणि आपला सर्वांत मोठा दिवस तेरा तासांच्या थोडा वर. भारतात हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात हॉप्स घेतले गेले आहेत. किनाऱ्यावर नारळ-सुपारीच बरी.

विहिरीचं पाणी आणि आपली हवा

परवाना घेऊन कुणी वेंगुर्ल्याला अशी बिअर करायची ठरवली, तर पाण्याच्या बाबतीत त्याचं नशीब चांगलं आहे. जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बहुधा मऊ असतं, क्षार कमी. कोऱ्या पाटीसारखं पाणी मिळालं की हवा तो क्षार आपण घालू शकतो. खाडीलगतची मचूळ विहीर मात्र नको, मीठ काढून टाकणं सोपं नाही.

हॉप्सच्या बिअरला सल्फेट मानवतं, कडवटपणा त्याने टोकदार आणि कोरडा लागतो. इंग्लंडच्या बर्टन गावात 1820 च्या दशकात हिंदुस्थानात पाठवायची फिकट कडू बिअर बनू लागली, तिच्या यशात तिथल्या सल्फेटने भरलेल्या पाण्याचा मोठा हात होता. मऊ पाण्यात तेच साधायला जिप्सम घालतात. 20 लिटरला 5 ग्रॅम जिप्समने लिटरमागे साधारण 140 मिलिग्रॅम सल्फेट वाढतं. जिप्सम खाद्य दर्जाचंच हवं. गणपतीच्या मूर्तींचं प्लॅस्टर ऑफ पॅरिस हेही जिप्सम भाजूनच होतं, पण ते पोटात जाण्यासाठी केलेलं नसतं.

पावसाळ्यात विहिरीत टीसीएल पावडर, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पूड, पडते, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतंच. हे क्लोरीन माल्टमधल्या फिनॉलशी जुळलं की दवाखान्याचा वास येतो, आणि तो एकदा आला की कुठल्याही हॉप्सने झाकला जात नाही. पाणी आधी पंधरा मिनिटं उकळून, उघडं ठेवून गार केलं की मोकळं क्लोरीन निघून जातं.

हवेचं मात्र नशीब फुटकं. या बिअरचं यीस्ट 18 ते 20 अंशांना नीट, स्वच्छ काम करतं. किनाऱ्यावर वर्षातला बराच काळ रात्रीही पारा 24-25 च्या खाली येत नाही. शिवाय आंबताना बिअर स्वतः उष्णता सोडते, म्हणजे खोली 28 अंशांवर असेल तर टाकीत 32 होऊ शकतात. इतक्या उष्णतेत यीस्ट घाई करतं आणि जड अल्कोहोलं तयार होतात. घशाला चटका, नेलपॉलिशसारखा वास, दुसऱ्या दिवशी डोकं जड. उपाय दोन. पहिला सरळ: तापमान नियंत्रक जोडलेला फ्रिज किंवा थंड टाकी, आणि वादळात वीज गेली तर इन्व्हर्टर. दुसरा मला जास्त भावतो. पश्चिम नॉर्वेतल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं क्वाइक नावाचं यीस्ट आहे, ते 35 ते 40 अंशांतही बिघडत नाही. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात ते बिअरच्या इतर यीस्टपेक्षा वेगळ्या घराण्याचं निघालं. थंड देशातलं यीस्ट आपल्या उकाड्यात सुखाने नांदतं ही मोठी गंमत आहे. अडचण एकच: त्यातल्या काही जाती संत्र्याचा वास स्वतःचा घालतात. आयपीए उत्तम होईल, सिएरा नेवाडाची हुबेहूब नक्कल होणार नाही.

हुबेहूबच हवी असेल तर एक जुनी युक्ती आहे. सिएरा नेवाडा पेल एल बाटलीतच पुन्हा थोडी आंबवतात, म्हणून तळाशी यीस्टचा पातळ थर असतो. बाटली ताजी असेल तर तो थर निर्जंतुक, सौम्य वर्टमध्ये वाढवून मूळ यीस्टच वापरता येतं. त्याच घराण्याचं कोरडं यीस्ट पाकिटातही मिळतं, आणि तळाचा गाळ वाढवत बसण्यापेक्षा मी तेच सुचवीन.

बाटलीत गेल्यावर

ज्या फरकापासून आपण सुरुवात केली तो इथे घडतो. आंबून झालेल्या बिअरला ऑक्सिजनचा स्पर्श झाला की हॉप्सची तेलं आधी मरतात, मग मध आणि पुठ्ठा वर येतो. उष्णतेत हे फार वेगाने होतं. फ्रिजमध्ये काही महिने नीट टिकलेली आयपीए तापलेल्या गोदामात काही आठवड्यांत म्हातारी होते. उन्हाचा धोका वेगळा आणि त्याहून झटपट. प्रकाशाने आयसो-अल्फा आम्लं फुटून गंधकाचा एक संयुग बनतो, त्याला सडका, रानमांजरासारखा वास असतो. तपकिरी काच बरंच वाचवते, हिरवी आणि पांढरी जवळपास नाही, कॅन पूर्ण वाचवतो. हॉप्सची बिअर घेताना मी आधी तारीख बघतो, मग कॅन आहे का ते बघतो, आणि दुकानात ती फ्रिजमध्ये होती की काउंटरवर उन्हात, हेही बघतो. नाव सगळ्यात शेवटी.

नक्कल जमली का हे ठरवायला चाखणाऱ्याला तीन ग्लास द्यायचे: दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात दुसरी. वेगळा ग्लास कोणता ते सांगायचं. आवड-निवड विचारायचीच नाही. नुसत्या अंदाजाने तिघांतला एक बरोबर सांगतोच, म्हणून चाखणारे पुरेसे हवेत आणि ग्लास रंगीत किंवा झाकलेले, नाहीतर लोक डोळ्यांनी उत्तर देतात. तिघांत एकाहून फार जास्त जणांना वेगळा ग्लास ओळखता आला नाही, तर नक्कल साधली. आला, तर कशावरून ओळखला ते विचारा आणि पुढच्या वेळी तेवढी एकच गोष्ट बदला. वास कमी पडला तर शेवटचे हॉप्स वाढवा. कडवटपणा जिभेवर ओढ लावत रेंगाळत असेल तर पहिली खेप कमी करा किंवा सल्फेट उतरवा. गोडसर वाटली तर माल्ट भिजवण्याचं तापमान दोन अंश खाली घ्या, म्हणजे यीस्टला खाता येईल अशी साखर वाढते.

तुलनेची बाटली दुकानातली असेल तर ती बहुधा तुमच्या बिअरपेक्षा काही महिन्यांनी मोठी असते. तेव्हा आपल्या केलेल्यातल्या दोन-तीन बाटल्या फ्रिजबाहेर, अंधाऱ्या कपाटात महिना-दीड महिना ठेवाव्यात आणि ग्लास मांडताना दुकानातल्या बाटलीसमोर त्या उघडाव्यात. ताज्या बाटल्यांची गाठ घालायची ती टाकीतून थेट आणलेल्या बिअरशी.